विश्लेषण : विजेच्या जाळ्याचा ‘डिजिटल ट्विन’ म्हणजे काय? डीपी जळण्याआधी तो सांगू शकेल का?

छत्रपती संभाजीनगर : वैजापूर तालुक्यातील धोंदलगाव येथे सप्टेंबर 2024 मध्ये 3 मेगावॉटचा सौर प्रकल्प सुरू झाला. ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0’मधील राज्यातला हा पहिला प्रकल्प. परिसरातील 1,700 हून अधिक शेतकऱ्यांना दिवसा वीज मिळणार, ही बातमी तेव्हा सगळीकडे आली. त्याच दिवशी त्या भागातल्या विजेच्या जाळ्याचा स्वभावही बदलला. ती बातमी मात्र कुठे आली नाही.

आतापर्यंत वीज एकाच दिशेने येत होती. चंद्रपूर, तिरोडा, परळी अशा ठिकाणी ती तयार व्हायची, उच्चदाब वाहिन्यांवरून उपकेंद्रात यायची, तिथून 11 केव्हीच्या फीडरवरून डीपीत आणि डीपीतून मोटारीपर्यंत पोहोचायची. नदीसारखा वरून खाली वाहणारा प्रवाह. आता उपकेंद्राच्या शेजारीच वीज तयार होते. ढग आला की कमी होते, पाऊस पडून मोटारी बंद झाल्या की उरलेली वीज उलटी वर चढते. असे प्रकल्प राज्यभरात मिळून 16 हजार मेगावॉटपर्यंत नेण्याचे योजनेचे उद्दिष्ट आहे. शहरात घरांच्या छतांवरही सौर पॅनल चढत आहेत.

असे जाळे अनुभवाच्या अंदाजावर चालवणे अवघड होत जाते. म्हणून जगभरातल्या वीज कंपन्यांमध्ये सध्या एका शब्दाची चर्चा आहे : ‘डिजिटल ट्विन’, म्हणजे विजेच्या जाळ्याचा संगणकातला जुळा.

डिजिटल ट्विन म्हणजे नेमके काय?

एखाद्या खऱ्या यंत्रणेची संगणकातली अशी प्रतिकृती, जिला खऱ्या यंत्रणेकडून सतत माहिती मिळत राहते. ‘सतत’ हा शब्द इथे सर्वांत महत्त्वाचा. उपकेंद्राचा नकाशा म्हणजे ट्विन नव्हे. कॉलेजच्या प्रयोगशाळेत सॉफ्टवेअरवर उभे केलेले पॉवर सिस्टिमचे मॉडेलही ट्विन नव्हे, कारण बाहेर वीज गेली तरी त्याला पत्ता नसतो. ट्विनमध्ये मात्र खरा ब्रेकर उघडला की संगणकातलाही उघडला पाहिजे.

ही संकल्पना अमेरिकेतील मायकेल ग्रीव्हज यांनी 2002 मध्ये मिशिगन विद्यापीठात उत्पादन व्यवस्थापनाच्या संदर्भात मांडली. ‘डिजिटल ट्विन’ हे नाव 2010 च्या सुमारास ‘नासा’च्या जॉन व्हिकर्स यांच्यामुळे रूढ झाले. 1970 मध्ये अपोलो 13 यानात स्फोट झाला, तेव्हा जमिनीवरच्या सिम्युलेटरवर आधी तालीम करून मग अंतराळवीरांना सूचना दिल्या गेल्या. ट्विनचे मूळ म्हणून हे उदाहरण नेहमी सांगितले जाते, पण तेव्हा हा शब्द कोणाच्या तोंडी नव्हता.

वीज क्षेत्रात तर हा विचार त्याहून जुना आहे. संगणक येण्याआधी, 1929 मध्ये अमेरिकेच्या एमआयटीमध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या साथीने ‘नेटवर्क अ‍ॅनालायझर’ उभारला गेला. खऱ्या जाळ्याची एका खोलीत मावेल अशी छोटी विद्युत प्रतिकृती. वाहिनीच्या जागी कॉइल आणि रोध जोडायचे आणि मीटरवर वाचायचे. ‘ही वाहिनी बंद पडली तर काय होईल’ या प्रश्नाचे उत्तर तिथे एक तार काढून मिळायचे. आजचा ट्विन हाच प्रश्न विचारतो, फक्त दर काही सेकंदांनी आणि हजारो वाहिन्यांबाबत.

नियंत्रण कक्षात सगळे दिसतेच, मग ट्विन कशाला?

राज्याच्या विजेचा ताळमेळ ऐरोलीतील राज्य भार प्रेषण केंद्रातून ठेवला जातो. तिथल्या पडद्यावर ‘स्काडा’ यंत्रणेतून उपकेंद्रांचे दाब, प्रवाह आणि ब्रेकरची स्थिती दिसत असते. पण दिसते ते सगळे खरे असतेच असे नाही. मीटर बिघडतो, संदेश उशिरा येतो, काही ठिकाणी मीटरच नसतो.

एक सोपे उदाहरण घेऊ. उपकेंद्रातून निघताना एका फीडरवर 180 अँपिअर दिसतात. पुढे त्याच्या तीन शाखा आहेत. त्यांचे मीटर 70, 60 आणि 65 दाखवतात, म्हणजे बेरीज 195. निघाले 180 आणि पोहोचले 195, हे शक्य नाही. कोणीतरी खोटे बोलत आहे. कोण? शाखांच्या टोकाचा दाब, तारांची लांबी आणि जाडी, मीटरची अचूकता हे सगळे एकत्र धरले, तर गणिताने सांगता येते की तिसऱ्या शाखेवर प्रत्यक्षात 50 च्या आसपास असावेत आणि तिथला मीटर तपासायला हवा.

या गणिताला ‘स्टेट एस्टिमेशन’ म्हणतात. एमआयटीचे फ्रेड श्वेप्पी यांनी 1970 मध्ये ते वीज क्षेत्रासाठी मांडले. सरसकट प्रत्येक आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, सगळे आकडे एकमेकांसमोर उभे करायचे आणि त्यातून जाळ्याची सर्वांत संभाव्य स्थिती काढायची. ट्विनचे हृदय म्हणजे हेच. वर कितीही रंगीत त्रिमितीय पडदे लावले, तरी आत हे गणित नसेल तर तो ट्विन नसून देखावा आहे. बाजारात असे देखावेही पुष्कळ विकले जातात.

देशातील अतिउच्चदाब जाळ्यावर आता ‘पीएमयू’ नावाची उपकरणेही आहेत. ती उपग्रहाच्या घड्याळाशी वेळ जुळवून सेकंदाला 25 ते 50 वेळा मोजमाप पाठवतात. असे हजाराहून अधिक पीएमयू बसवण्यात आले आहेत. 30 आणि 31 जुलै 2012 रोजी लागोपाठ दोन दिवस ग्रीड कोसळून उत्तर आणि पूर्व भारत अंधारात गेला, त्यानंतर या कामाला जोर आला. महाराष्ट्र ज्या पश्चिम ग्रीडमध्ये आहे ते त्या वेळी वाचले. पुढे 31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर-सोलापूर ही 765 केव्हीची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिण ग्रीडही जोडले जाऊन देशाचे एकच ग्रीड तयार झाले. तेव्हापासून सोलापूरची वाहिनी आणि पंजाबचे वीज केंद्र एकाच तालावर, 50 हर्ट्झवर चालतात.

छत्रपती संभाजीनगरच्या परिसरातही 765 केव्हीची उपकेंद्रे आहेत, एकतुनीचे त्यापैकी एक. तिथल्या प्रत्येक ब्रेकरची खबर नियंत्रण कक्षात जाते. पण तिथून खाली, 33 केव्ही, 11 केव्ही आणि शेवटी डीपीपर्यंत उतरावे तसतशी माहिती पातळ होत जाते. वर उजेड आणि खाली अंधार. ग्राहकाची वीज मात्र बहुतेक वेळा खालीच जाते.

डीपी का जळते?

मराठवाड्यात रब्बी हंगाम सुरू झाला की रोहित्र, म्हणजे बोलीतली डीपी, जळाल्याच्या तक्रारी वाढतात. पिकाला पाणी द्यायचे आणि डीपी बंद. कधी नवी डीपी आणायला गावकरीच ट्रॅक्टर जुंपतात. यामागचे गणित फार अवघड नाही.

5 अश्वशक्तीची मोटार म्हणजे सुमारे 3.7 किलोवॉट. पण मोटारीची कार्यक्षमता आणि पॉवर फॅक्टर धरला, तर ती डीपीवर साधारण 6 केव्हीएचा भार टाकते. म्हणजे 100 केव्हीएची डीपी अशा 16 मोटारी सुखाने चालवते, 63 केव्हीएची 10. त्या 100 केव्हीएच्या डीपीवर 25 मोटारी एकदम चालल्या, तर भार 150 केव्हीएवर जातो. त्यात अनेक मोटारींना ‘ऑटो स्विच’ असतो. वीज आली की सगळ्या मोटारी एकाच क्षणी सुरू होतात आणि सुरू होताना प्रत्येक मोटार नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. ‘ऑटो स्विच काढा, कपॅसिटर बसवा’ असे आवाहन महावितरण दरवर्षी करते ते यामुळेच. शेतकऱ्याची बाजूही समजण्यासारखी आहे. रात्री दोनला वीज येणार असेल, तर साप-विंचवांतून बांधावर जाऊन बटण दाबायला कोण तयार होईल?

डीपीच्या आत तांब्याच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या वळणांवर कागदाचे इन्सुलेशन असते आणि ते तेलात बुडालेले असते. डीपीचे आयुष्य म्हणजे खरे तर त्या कागदाचे आयुष्य. वळणांमधल्या सर्वांत तप्त जागेचे तापमान 98 अंश सेल्सिअस असेल, तर साधा कागद ठरलेल्या गतीने झिजतो. त्यापुढे दर 6 अंशांना झिजण्याचा वेग दुप्पट होतो. हा आंतरराष्ट्रीय मानकातला नियम आहे. म्हणजे 110 अंशांवर एका दिवसात चार दिवसांचे आयुष्य संपते, 122 अंशांवर सोळा दिवसांचे. डीपी ‘अचानक’ जळाली असे आपण म्हणतो, पण ती कित्येक हंगाम आतून जळत आलेली असते.

इथे ट्विनचा खरा उपयोग आहे. आतल्या वळणात तापमापी बसवणे प्रत्येक डीपीला परवडणारे नाही. पण डीपीच्या मीटरवरून भार कळतो आणि हवामान केंद्रावरून बाहेरचे तापमान. डीपीची क्षमता आणि तेलाचे गुणधर्म तर माहीतच असतात. त्यावरून आतले तापमान गणिताने काढता येते. तेल एकदम तापत नाही, त्याला दोन-तीन तास लागतात. सकाळी दहाला भार चढला तर दुपारी एकच्या सुमारास तेल कुठपर्यंत तापेल, हे दहा-साडेदहालाच सांगता येते. तोपर्यंत उपविभागातल्या अभियंत्याला काहीतरी करायला वेळ असतो. फीडरचा काही भार दुसरीकडे वळवता येतो, किंवा निम्म्या मोटारी दोन तास पुढे ढकलण्याचा निरोप देता येतो.

आणि एकेका दिवसापेक्षा मोठा फायदा म्हणजे हिशेब. कोणत्या डीपीचे किती आयुष्य संपले याची वही ट्विन ठेवू शकतो. मग कोणती डीपी आधी बदलायची हे ओळखीपाळखीवर किंवा मोर्चावर न ठरता झिजेवर ठरेल.

अर्थात, फ्यूजच्या जागी कोणी जाड तार लावली असेल, तर ती ट्विनला दिसत नाही. तेलाची चोरी झाली असेल तर तीही नाही. तापमान काढताना तो टाकीत तेल पूर्ण आहे असेच धरून चालेल.

सौर विजेने गणित कसे बदलले?

समजा, एका उपकेंद्राच्या 11 केव्ही बसवर 3 मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे. पूर्ण ऊन असताना तो सुमारे 157 अँपिअर प्रवाह बसमध्ये ढकलतो. जानेवारीत सगळ्या मोटारी चालू असतात, तेव्हा तो तिथेच खपतो. पण सप्टेंबरात चार दिवस चांगला पाऊस पडला, पाचव्या दिवशी कडक ऊन आले आणि मोटारी बंद आहेत. गावाचा भार फक्त 0.6 मेगावॉट. उरलेले 2.4 मेगावॉट उलटे 33 केव्हीच्या वाहिनीवर चढणार. पूर्वी कायम दाब कमी पडतो म्हणून ट्रान्सफॉर्मरचा टॅप वर ठेवलेला असेल, तर आता दाब गरजेपेक्षा जास्त होईल. संध्याकाळी सूर्य मावळला की पुन्हा उलट.

शहरातल्या छतांवर हेच छोट्या प्रमाणात घडते. एकाच डीपीवर पुरेशा घरांनी सौर पॅनल बसवले की दुपारी गल्लीतला दाब चढतो. नियमानुसार दाब 110 टक्क्यांच्या, म्हणजे 230 व्होल्टच्या हिशेबात 253 व्होल्टच्या पुढे गेला की इन्व्हर्टरने स्वतःहून बाजूला व्हायचे असते. त्यामुळे नेमक्या भर दुपारी सोलर बंद पडतो आणि ग्राहक पॅनल विकणाऱ्याला फोन करतो. दोष पॅनलचा नसतो, गल्लीच्या तारेचा असतो.

चढलेला दाब किती महागात पडू शकतो हे 28 एप्रिल 2025 रोजी स्पेन आणि पोर्तुगालमध्ये दिसले. भरदुपारी दाब एकामागून एक ठिकाणी वाढत गेला, वीज केंद्रे सुटत गेली आणि काही सेकंदांत दोन्ही देश अंधारात गेले. आपल्याकडचे जाळे वेगळे आहे आणि तेच इथे होईल असे म्हणणे अतिशयोक्ती ठरेल. पण दाब कमी पडण्याची सवय असलेल्या यंत्रणेला दाब जास्त होण्याचीही काळजी करावी लागणार, हे नक्की. कोणत्या बसवर किती सौर वीज झेपेल, टॅप कधी हलवायचा, कपॅसिटर बँक कधी बंद करायची, याची आदल्या संध्याकाळीच हवामानाच्या अंदाजावरून तालीम करता येणे हे ट्विनचे काम.

फिनलंडच्या ‘फिनग्रिड’ने सीमेन्सच्या मदतीने आपल्या पारेषण जाळ्याचे एकच समान मॉडेल तयार करून या मार्गाची सुरुवात केली. सिंगापूरने 2021 मध्ये आपल्या राष्ट्रीय ग्रीडचा ट्विन जाहीर केला. युरोपमध्ये जानेवारी 2024 पासून ‘ट्विनईयू’ हा अनेक देशांचा संयुक्त प्रकल्प सुरू आहे.

जुळाच चुकला तर?

14 ऑगस्ट 2003. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील ग्रीडवर देखरेख करणाऱ्या ‘मिसो’ या संस्थेकडे स्टेट एस्टिमेटर होता. दर पाच मिनिटांनी तो आपोआप चालायचा आणि पुढचा धोका सांगायचा. दुपारी सव्वाबाराच्या सुमारास त्याचे गणित जुळेना. कारण साधे होते. एक वाहिनी प्रत्यक्षात बंद पडली होती आणि मॉडेलमध्ये ती चालूच दिसत होती.

विश्लेषकाने चूक शोधण्यासाठी पाच मिनिटांचा आपोआप चालणारा ट्रिगर बंद केला. चूक सापडली, गणित जुळले. ट्रिगर पुन्हा सुरू करायचा राहिला आणि तो जेवायला गेला. अधिकृत चौकशी अहवालात हे नमूद आहे. पावणेतीनच्या आत ही बाब लक्षात आली, पण तोवर दुसरी एक वाहिनी बंद पडली होती आणि तीही मॉडेलमध्ये चालूच होती. पुन्हा गणित अडले. दरम्यान, ओहायोतील वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षात धोक्याची सूचना देणारे सॉफ्टवेअर 2 वाजून 14 मिनिटांनी गप्प झाले होते आणि तिथल्या कर्मचाऱ्यांना ते कळले नव्हते. तारा उष्णतेने खाली झुकून झाडांना टेकत होत्या, एकेक वाहिनी सुटत होती आणि पडद्यावर शांतता होती.

मिसोचे गणित पूर्ण सावरायला चार वाजून गेले. 4 वाजून 10 मिनिटांच्या सुमारास अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडाचा ओंटारिओ प्रांत अंधारात गेला. सुमारे 5 कोटी लोकांची वीज गेली.

त्या दिवशी गणित चुकीचे नव्हते, संगणकही पुरेसा वेगवान होता. जुळ्याला फक्त दोन वाहिन्यांची खबर मिळाली नव्हती.

मग आपल्याकडे खरी अडचण कुठे आहे?

याच ठिकाणी. 765 केव्हीची एखादी वाहिनी बंद पडली तर आज तिची नोंद आपोआप होते. पण पैठण तालुक्यातल्या एखाद्या शिवारात रात्री डीपी जळाली आणि लाइनमनने पिकाची निकड पाहून दहा मोटारी शेजारच्या डीपीवर जोडून दिल्या, तर त्याची नोंद कुठे होते? शहरात एखाद्या घराचा दाब कमी येतो म्हणून त्याची जोडणी आर फेजवरून वाय फेजवर टाकली, तर ते कुठल्या नकाशात येते? लाइनमनच्या डोक्यात हे सगळे पक्के असते. त्याची बदली झाली की नकाशाही बदलीवर जातो.

केंद्र सरकारच्या 2008 च्या ‘आर-एपीडीआरपी’ योजनेत शहरांमध्ये ग्राहक, डीपी आणि फीडर यांची सांगड घालून जीआयएस नकाशे करण्याचे काम हाती घेतले गेले. 2021 मध्ये आलेल्या ‘आरडीएसएस’ योजनेत डीपी आणि फीडरवरही स्मार्ट मीटर लावायचे आहेत. पण नकाशा एकदा करून भागत नाही. जाळे रोज बदलते आणि महिन्याभरापूर्वीचा नकाशा हा जुळा नसतो, जुना फोटो असतो.

ज्या स्मार्ट मीटरवरून राज्यात एवढा वाद झाला, त्याचा इथे एक उपयोग आहे आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. एकाच डीपीवरच्या सगळ्या घरांचा दाब एकत्र वर-खाली होतो. शेजारी वेल्डिंग सुरू झाले, मोटार चालू झाली, की त्या डीपीवरच्या सर्व मीटरमध्ये एकाच वेळी छोटी खाच पडते. दुसऱ्या डीपीवरच्या घरात ती पडत नाही. म्हणून काही आठवड्यांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या की कोणते घर कोणत्या डीपीवर आणि कोणत्या फेजवर आहे, हे खांबावर न चढता ओळखता येते. कागदावर एका डीपीवर दाखवलेले घर प्रत्यक्षात दुसरीच्या तालावर नाचताना दिसते. हे गणित जगात अनेक ठिकाणी वापरले जाते.

मर्यादा वेगाची आहे. हे मीटर साधारण 15 किंवा 30 मिनिटांची नोंद ठेवतात आणि ती सर्व्हरपर्यंत पोहोचायला तासही लागू शकतात. डीपीच्या झिजेचा हिशेब किंवा नकाशाची दुरुस्ती यासाठी ते पुरेसे आहे. क्षणाक्षणाच्या नियंत्रणासाठी नाही.

शेंद्रा-बिडकीन येथील ‘ऑरिक’ औद्योगिक वसाहतीत काम सोपे आहे. तिथे वीजवाहिन्या जमिनीखालून टाकल्या आहेत आणि सगळेच नवे असल्याने नोंद पहिल्या दिवसापासून ठेवता येते. गुलमंडी किंवा औरंगपुऱ्याच्या गल्लीत एका खांबावरून किती सर्व्हिस वायर कुठे गेल्या, हे शोधणे हीच अर्धी लढाई आहे. पहिला ट्विन साहजिकच नव्या वसाहतीत उभा राहील. गरज जुन्या गल्लीला आणि शिवाराला जास्त आहे.

नोंद चुकण्याची किंमत फक्त अंधार एवढीच नसते. फीडर दुरुस्तीला घेताना लाइनमन उपकेंद्रातून परमिट घेतो, म्हणजे ती वाहिनी बंद केल्याची खात्री. पूर्वी वीज एकाच बाजूने येत असल्यामुळे एक ब्रेकर उघडला की बहुतेक काम झाले. आता दुसऱ्या बाजूला सौर प्रकल्प आहे, कुठे जनरेटर आहे, कुठे चुकीचा जोडलेला घरगुती इन्व्हर्टर. ट्विनच्या पडद्यावर वाहिनी ‘मृत’ दिसते आणि प्रत्यक्षात ती जिवंत असते, ही सर्वांत धोकादायक अवस्था. म्हणून पडद्यावर काहीही दिसो, तपासणी करून डिस्चार्ज रॉडने वाहिनी जमिनीशी जोडल्याशिवाय हात लावायचा नाही, हा जुना नियम ट्विन आल्यावर जास्तच कडक करावा लागेल. पडदा जेवढा आकर्षक, तेवढा त्याच्यावर विश्वास बसतो.

नियंत्रण ट्विनच्या हाती द्यायचे का?

पाहणे, सुचवणे आणि स्वतः करणे या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. पहिल्या दोन ठिकाणी चूक झाली तर माणूस ती पकडू शकतो. तिसऱ्या पायरीवर ट्विनने दिलेला आदेश थेट ब्रेकरपर्यंत जातो. शहरी फीडरवर दोष आला की तेवढा तुकडा वेगळा करून बाकीच्यांना दुसऱ्या बाजूने वीज देणे, कपॅसिटर बँक चालू-बंद करणे, अशी मर्यादित कामे स्वयंचलित यंत्रणा आजही अनेक शहरांत करतात. त्यापुढचे पाऊल जपून टाकायला हवे.

12 ऑक्टोबर 2020 रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई आणि परिसराची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. कळवा, पडघा आणि खारघर परिसरातल्या 400 केव्हीच्या वाहिन्यांपैकी काही आधीच बंद होत्या आणि उरलेल्या एकामागून एक सुटल्या. अशा वेळी मुंबईला ग्रीडपासून वेगळे करून शहरातल्या विजेवर जगवणारी ‘आयलंडिंग’ व्यवस्था आहे. ती असूनही शहर वाचले नाही. आदल्या रात्री ‘उद्या सकाळी या वाहिन्या बंद आहेत, आणखी एक गेली तर काय?’ अशी तालीम ट्विनवर करता येते. ब्रेकरला हात न लावता नुसत्या तालमीतूनच बराच फायदा मिळतो.

दुसरी बाजू सुरक्षेची. 23 डिसेंबर 2015 रोजी युक्रेनमधील तीन वितरण कंपन्यांच्या संगणकांत शिरून हल्लेखोरांनी ब्रेकर उघडले आणि सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज घालवली. कर्मचारी पडद्यावर कर्सर आपोआप फिरताना पाहत राहिले. ट्विनमुळे खोटा आकडा पकडणे सोपे होते, कारण तो इतर आकड्यांशी जुळत नाही. पण जाळ्यातली प्रत्येक कमजोर जागा ज्यात नोंदली आहे, असा ट्विन चोराच्या हाती लागला तर त्याला वेगळी पाहणी करावीच लागणार नाही. ज्या जाळ्यातून बिले जातात, त्याच जाळ्यावर ट्विन ठेवणे म्हणूनच परवडणारे नाही.

ग्राहकाला यात काय दिसते?

महावितरणच्या वीजबिलावर ग्राहक क्रमांकाच्या आसपास चक्र, मार्ग-क्रम आणि ‘डीटीसी’ असा एक रकाना असतो. डीटीसीपुढचा आकडा म्हणजे तुमचे घर किंवा मोटार ज्या डीपीवर आहे असे कंपनीच्या नोंदीत लिहिलेले आहे, तिचा क्रमांक. बहुतेक डीपींच्या खांबावर किंवा पेटीवरही हा क्रमांक रंगवलेला असतो. दोन्ही आकडे लांबूनच पडताळता येतात, पेटी उघडण्याची किंवा जवळ जाण्याची गरज नाही. ते जुळत नसतील, तर शाखा कार्यालयात लेखी अर्ज देऊन नोंद दुरुस्त करून घेता येते. डीपी बदलली, भार दुसरीकडे जोडला किंवा नवी डीपी बसली की त्या गल्लीतल्या किंवा शिवारातल्या सगळ्यांनीच पुढच्या बिलावर हा रकाना एकदा पाहून घ्यावा.